लाल टोपी घालायची असेल तर, आणि उतरवल्यावर

गेल्या महिन्यात भाची घरी आली, नुकतीच अठरा पूर्ण, मोबाईल पुढं करून म्हणली मामा हे बघा अग्निवीर वुमन मिल्ट्री पोलीस, तुम्ही हेच करत होता ना, भरू का फॉर्म? आणि त्याच आठवड्यात माझ्या हाताखाली काम केलेल्या एका पोराचा फोन, साहेब पुढच्या मार्चला पेन्शन येतोय, बाहेर काय करायचं काही सुचत नाही. एकाला आत जायचंय, एकाला बाहेर पडायचंय, आणि दोघांना सांगताना माझ्या लक्षात आलं की मी निम्म्या गोष्टी त्याच त्याच सांगतोय. म्हणून एकदा लिहूनच काढतो. मी सातारा जिल्ह्यातला, हवालदार म्हणून २०२२ ला रिटायर झालो, २४ वर्षं कोअर ऑफ मिलिटरी पोलीस म्हणजे सीएमपीत काढली, आता चाकणला एका वेअरहाऊसवर सिक्युरिटी बघतो. ऑफिसर लोकांचा रस्ता वेगळा असतो, त्यांचं मला विचारू नका, हे सगळं जवान आणि जेसीओंसाठी, म्हणजे सुभेदार-नायब सुभेदार वगैरेंसाठी आहे.

आधी काम काय ते समजून घ्या

गावात लोकांना वाटतं मिल्ट्री पोलीस म्हणजे फौजेतला फौजदार, कुणालाही धरा आणि ठोका. तसं काही नाही. लाल बेरे म्हणजे टोपी, पांढरा पट्टा, दंडावर काळी पट्टी आणि त्यावर लाल अक्षरात एमपी, एवढ्यावर अर्धं काम होतं हे खरं, पण आर्मी ॲक्ट १९५० मध्ये कलम १०७ आहे, प्रोवोस्ट मार्शलचं, म्हणजे मिल्ट्री पोलिसांच्या वरच्या ऑफिसरचं, ते भरती होणाऱ्या प्रत्येकानं एकदा वाचावं. त्यात साफ लिहिलंय की फौजी कायद्याखाली येणारा माणूस गुन्हा करताना सापडला तर ताब्यात घेता येतं, पण स्वतःच्या अधिकारात कसलीही शिक्षा देता येत नाही, आणि ऑफिसरला तर दुसऱ्या ऑफिसरच्या हुकुमाशिवाय हातच लावता येत नाही. सिव्हिलियनचं म्हणाल तर त्याला सिव्हिल पोलिसाच्या ताब्यात द्यायचं, विषय संपला. आमच्या कोअरचं ब्रीदवाक्य 'सेवा तथा सहायता' आहे, त्यात शिक्षा हा शब्दच नाही, हे मला पण दहा वर्षांनी सुचलं.

रोजचं काम म्हणजे कॅन्टोन्मेंटचं गेट, रेल्वे स्टेशनवर आणि बाजारात जवानांचा टर्नआउट म्हणजे पोशाख आणि रजेचे कागद बघणं, फौजी गाड्यांची चेकिंग, कॉन्व्हॉयची ट्रॅफिक, व्हीआयपी आला की पुढं पायलट गाडी, गैरहजर राहिलेल्याला आणायला एस्कॉर्ट, छोट्या चोऱ्यामाऱ्यांचा तपास, आणि लढाई झालीच तर युद्धकैदी सांभाळणं. १९७१ ला ९३ हजार पाकिस्तानी ताब्यात आले, तेवढी माणसं सांभाळायची म्हणजे काय हिशोब असेल ते आमचे उस्ताद सेंटरला सांगायचे. प्रत्येक डिव्हिजनला प्रोवोस्ट युनिट असतं त्यामुळं पोस्टिंग कुठंही होते, राजस्थानपासून लडाखपर्यंत. मोटरसायकलचा शौक असेल तर कोअरची श्वेत अश्व नावाची डिस्प्ले टीम आहे, पण त्यात निवड होणारे मोजकेच.

आणि एक कडू गोष्ट आत्ताच सांगतो. फौजेत एमपीवाला कुणाला आवडत नाही. तुम्ही लंगरात म्हणजे जेवणाच्या मेसमध्ये जाऊन बसलात की शेजारच्या टेबलावरचा आवाज कमी होतो. ज्याला यारी-दोस्तीशिवाय करमत नाही त्यानं दुसरी कुठली आर्म म्हणजे शाखा मागावी.

भरती व्हायचं असेल तर

भाचीला जे सांगितलं तेच. मुलींसाठी ही एकच सरळ जागा आहे जिथं शिपाई म्हणून आर्मीत जाता येतं. २०१९ ला १०० जागांसाठी फॉर्म निघाले, जानेवारी २०२० ला बेंगळुरूच्या सीएमपी सेंटर अँड स्कूलला ट्रेनिंग चालू झालं, ६१ आठवड्यांचं, आणि ८ मे २०२१ ला पहिली ८३ मुलींची बॅच पास आउट झाली. त्या कायम नोकरीवाल्या होत्या. आता अग्निपथ आल्यापासून मुली अग्निवीर जीडी (जनरल ड्युटी) वुमन मिलिटरी पोलीस म्हणून जातात, म्हणजे ४ वर्षं.

दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ पाहिजेत. उंची १६२ सेंटिमीटर, इथंच गावाकडच्या निम्म्या मुली बाद होतात म्हणून फॉर्म भरायच्या आधी भिंतीला उभं राहून नीट मोजा, चप्पल काढून. १.६ किलोमीटर धावणं साडेसात मिनिटांच्या आत आलं तर पहिल्या गटात, आठच्या आत दुसऱ्या. लांब उडी १० फूट, उंच उडी ३ फूट. लग्न झालेलं नसावं. आधी ऑनलाइन परीक्षा, ती पास झालात तरच रॅलीचं म्हणजे मैदानी चाचणीचं बोलावणं, त्यामुळं नुसतं पळत बसू नका, जनरल नॉलेज आणि गणित पण करा, आमच्या वेळेला आधी मैदान होतं आणि पोरं पळूनच निवडली जायची ते दिवस गेले. फॉर्म फक्त जॉइन इंडियन आर्मीच्या सरकारी साइटवर, कुठल्या एजंटला पैसे द्यायचे नाहीत. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या पोरांचं भरती ऑफिस कोल्हापूरला, बाकीच्यांनी आपापलं बघून घ्या. वय आणि धावण्याच्या गटांचे नियम वर्षागणिक बदलतात तेव्हा त्या वर्षीची नोटिफिकेशन शेवटच्या पानापर्यंत वाचा, यूट्यूबवाल्या अकॅडमीच्या थंबनेलवर जाऊ नका.

मुलांनी 'मिल्ट्री पोलीस' म्हणून वेगळा फॉर्म शोधत बसू नये, जीडीला भरा, नंतर कुठल्या सेंटरला पाठवायचं ते तिकडून ठरतं. मला उंचीमुळं इकडं टाकलं, मी मराठा लाईट इन्फंट्रीची स्वप्नं बघत होतो, बेळगावच्या ऐवजी बेंगळुरूचं तिकीट हातात पडलं तेव्हा चुलते दोन दिवस बोलले नाहीत.

पैशाचं गणित पण भाचीच्या आईला कागदावर मांडून दिलं. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, मग ३३,०००, ३६,५००, आणि चौथ्या वर्षी ४०,०००, त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात, तेवढेच सरकार घालतं, आणि चार वर्षांनी साधारण १० लाखाच्या वर हातात मिळतात. जास्तीत जास्त २५ टक्के लोकांना पुढं ठेवून घेतात. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि माजी सैनिकाच्या सवलती पण नाहीत. म्हणजे बाहेर पडायची तयारी अग्निवीरानं आत पाऊल टाकतानाच करायची आहे, मी जी शेवटच्या दोन वर्षात केली, ती पण अर्धवट.

आत असताना काय कमवायचं

इथं मी जरा थांबतो कारण बाहेर माझ्या कामाला जे आलं ते लाल टोपी नव्हती, रजिस्टर होतं.

झोजीलाच्या पलीकडं द्रासच्या बाजूला आमची टीसीपी होती, ट्रॅफिक कंट्रोलची पोस्ट. तिथं रस्ता अरुंद म्हणून गाड्या एका वेळी एकाच बाजूनं सोडतात. प्रत्येक गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, युनिट, आली किती वाजता, गेली किती वाजता, सगळं लिहायचं. थंडीत बॉलपेन चालायचं नाही, शाई गोठायची, पेन्सिलीनं लिहायचो आणि ती पेन्सिल पण हातमोज्यात धरवायची नाही म्हणून मी तिला दोरा गुंडाळून जाड केली होती. मला हे काम म्हणजे शिक्षा वाटायची. एकदा संध्याकाळी मोजदाद केली तर एक गाडी कमी. मागच्या पोस्टला वायरलेस लावला, त्यांच्या रजिस्टरला सुटल्याची वेळ ११:४०, आमच्याकडं एंट्री नाही, म्हणजे मधल्या पट्ट्यातच कुठंतरी आहे. रिकव्हरीची गाडी गेली तर गाडी वळणावर नाल्याच्या बाजूला सरकलेली, दोघं जण आत बसून, जिवंत, पण अजून रात्र काढली असती तर सांगता येत नाही. त्या दिवसापासून मी वेळ लिहायला कधी कंटाळा केला नाही.

तर आत असताना रिपोर्ट लिहायला शिका. कुणीतरी दुसरा लिहील, आपण गेटवर उभं राहू, असं करू नका. काय बघितलं तेवढंच लिहायचं, काय वाटलं ते नाही. गाडी 'वेगात' होती असं नाही, किती वाजता कुठल्या खांबापाशी होती ते. माणूस 'दारू प्यालेला' असं नाही, तोंडाला वास, बोलणं अडखळत, चालताना तोल जातोय, डॉक्टरकडं किती वाजता नेला. हे एवढं जमलं की इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं.

दुसरं, लायसन्स. फौजेचं ड्रायव्हिंग लायसन्स फौजेच्याच गाडीवर चालतं, बाहेरची गाडी त्यावर चालवता येत नाही, तेव्हा रजेवर आलात की आरटीओत जाऊन सिव्हिलचं काढून ठेवा, जमलं तर हेवी सुद्धा. मी काढलं नव्हतं, रिटायर झाल्यावर चुलतभावाच्या पिकअपवर सातारा-पुणे करताना हायवेला सिव्हिल पोलिसांनी धरलं. ज्या माणसानं वीस वर्षं लोकांची लायसन्सं तपासली त्याच्याकडं लायसन्स नाही. पावती फाडली आणि गप बसलो.

तिसरं, शिक्षण. दहावीवर भरती झालात आणि १५ वर्षं सेवा झाली की केंद्राच्या ज्या ग्रुप सी पदांना नुसती पदवी लागते, टेक्निकल काही नाही, तिथं तुम्हाला पदवीधरासारखं धरतात. पण राज्यात, बँकेत, प्रायव्हेटला प्रत्येक ठिकाणी हे कसं मानतील ते जाहिरातीवर ठरतं, त्यामुळं डिस्टन्सनं खरी डिग्री करून टाकलेली बरी. कॉम्प्युटरवर टायपिंग आणि एक्सेल येऊ द्या. ऑफिसातल्या क्लार्कशी दोस्ती करा, चहा पाजा, तो शिकवतो.

बाहेर पडायच्या आधीची दोन वर्षं

सगळ्यात आधी कागद. पार्ट टू ऑर्डर म्हणजे रेकॉर्डला अधिकृत नोंद झालेली आहे का ते प्रत्येक गोष्टीचं बघा, लग्न, मुलं, आईवडील. बायकोचं नाव माहेरचं एक, सासरचं एक, आधारवर तिसरंच, आणि रेकॉर्डला चौथं स्पेलिंग, हे आपल्याकडं घरोघरी आहे. आत असताना एका अर्जात दुरुस्ती होते, बाहेर आल्यावर त्याच कामाला ॲफिडेव्हिट, गॅझेट आणि वर्षभर चकरा. माझ्या बायकोचं नाव 'सुनिता' का 'सुनीता' यावर आमचे चार महिने गेले.

डीजीआर म्हणजे डायरेक्टोरेट जनरल रिसेटलमेंटचे कोर्स असतात, शेवटच्या दोन वर्षात करता येतात, जवान-जेसीओंना फी पडत नाही. बरेच जण हा कोर्स म्हणजे घराजवळ राहायची रजा समजतात आणि जो जवळच्या शहरात मिळेल तो घेतात. मीही तेच केलं खरं सांगायचं तर. पुण्याजवळचा मिळाला म्हणून घेतला, कुठला ते लिहित नाही, त्याचा आजपर्यंत एक रुपयाचा उपयोग नाही. एमपीवाल्यांनी सिक्युरिटी सुपरवायझर, फायर सेफ्टी, वेअरहाऊस आणि लॉजिस्टिक्स, असलं काहीतरी बघावं. फायर सेफ्टीचं सर्टिफिकेट असलेल्याला कंपन्या लगेच विचारतात, हे मी चाकणला रोज बघतो.

पैसे हातात येतात तेव्हा डोकं ठिकाणावर ठेवा. ग्रॅच्युइटी, एजीआयएफ म्हणजे फौजेचा ग्रुप इन्शुरन्स, पीएफ, रजेचे पैसे, आणि कम्युटेशन, म्हणजे पेन्शनचा ५० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी घेता येतो, तो १५ वर्षांनी परत चालू होतो. गावात बातमी तुमच्या आधी पोचलेली असते. स्टँडवर उतरायच्या आधीच तीन जणांनी माझ्यासाठी प्लॉट बघून ठेवले होते, एकानं तर विहिरीत पार्टनरशिप. मी वर्षभर एफडीत टाकून गप राहिलो, तेवढं एक काम बरोबर केलं.

कोटा आणि फॉर्म

घरी आल्यावर पहिल्या महिन्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन नाव नोंदवा, डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनची ऑर्डर, फोटो घेऊन. ओळखपत्र तिथूनच, आणि नोकरीची नोंदणी पण तिथंच, ती वेगळी करावी लागते, नुसतं ओळखपत्र काढून परत येऊ नका. ईसीएचएसचं म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखाना योजनेचं कार्ड त्याच धावपळीत करून टाका, आजारी पडायची वाट बघू नका.

महाराष्ट्र सरकारच्या ग्रुप सी आणि डी च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे काय तर तुम्ही ज्या प्रवर्गातले त्याच प्रवर्गाच्या जागांमध्ये तुमचा वाटा, वेगळी रांग नाही. म्हणून फॉर्ममध्ये स्वतःचा प्रवर्ग पण भरायचा आणि माजी सैनिक पण टिक करायचं. अनेक पोरं एकच भरतात आणि मग लिस्टमध्ये नाव का नाही म्हणून विचारत फिरतात. केंद्रात ग्रुप सी ला १० टक्के, ग्रुप डी ला २० टक्के. सरकारी बँकांत क्लार्कला १४.५ आणि शिपाई-गार्डवाल्या पदांना २४.५ टक्के. वयाचं म्हणाल तर केंद्रात खऱ्या वयातून फौजेची वर्षं वजा करायची आणि जे उरेल ते कमाल वयापेक्षा ३ वर्षांहून जास्त नसलं की चालतं. माझं ४३ मधून २४ गेले, १९ उरले, म्हणजे कागदावर मी भाचीच्या वयाचा. आणि फॉर्म भरायला डिस्चार्ज व्हायची वाट बघायची गरज नाही, एक वर्ष राहिलं असलं तरी केंद्राला अर्ज चालतो, युनिटकडून दाखला घ्यायचा.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना माहीत नसते, आणि मला पण एका बँकेतल्या माजी सुभेदारांनी सांगितली. केंद्राच्या नोकरीत माजी सैनिक कोट्यातून एकदा जॉइन झालात की तुमचा कोटा वापरून संपला असं धरतात. पण जॉइन व्हायच्या आधी ज्या ज्या जाहिरातींना फॉर्म भरले होते त्यांची तारखेसकट यादी जॉइन झाल्या झाल्या त्या ऑफिसला लेखी दिली, तर त्यातल्या पुढच्या नोकरीला कोटा लागू होतो. म्हणून फॉर्म भरताना एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी भरा, वहीत तारखा लिहा, आणि पहिली ऑर्डर आली की ती यादी देऊन पोच घ्या. पोचपावती घ्या म्हणून सांगायला लागू नये एमपीवाल्याला, पण सांगतो.

अग्निवीरांसाठी केंद्रीय पोलीस दलांत १० टक्के राखीव जागा जाहीर झाल्या होत्या, वयात सूट, मैदानी परीक्षेत सूट. यात भर पडत राहते तेव्हा ज्या वर्षी बाहेर पडाल त्या वर्षीची जाहिरात बघा.

प्रायव्हेट सिक्युरिटी

सरकारी ऑर्डर यायला वर्ष-दोन वर्षं जातात, तोवर घरी बसवत नाही, आणि बायकोला पण बघवत नाही. मेस्को म्हणजे आपलं माजी सैनिक महामंडळ गार्ड पुरवतं, तिथं नाव द्या. डीजीआरच्या यादीतल्या सिक्युरिटी एजन्सी असतात, त्यांना बहुतेक माजी सैनिकच भरावे लागतात, त्या बऱ्या. बाकी बाजारात हजार आहेत.

कायदा २००५ चा, प्रायव्हेट सिक्युरिटी एजन्सीज रेग्युलेशनचा, त्याला सगळे पसारा म्हणतात आणि नाव शोभतं त्याला. त्याच्या नियमांत गार्डला १०० तास वर्ग आणि ६० तास फिल्ड ट्रेनिंग लागतं, पण माजी सैनिकाला ४० आणि १६ तास, सात दिवसात उरकतं. एजन्सीवाला म्हणाला की पूर्ण ट्रेनिंगचे पैसे भरा तर हे दाखवा. आणि त्याच कायद्यात गार्डनं फौजेचा किंवा पोलिसांचा किंवा तसा दिसणारा युनिफॉर्म घातला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. काही सोसायट्यांना हौस असते, तुमची ती लाल टोपी घालून उभे राहा की गेटवर. नाही राहायचं.

एजन्सीत जाताना चार गोष्टी विचारा, लाजू नका. ड्युटी ८ तास का १२, बाराची असेल तर वरच्या चार तासांचे पैसे कसे. पीएफ कापता का आणि यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर कधी देता. पगार २१ हजाराच्या आत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा दवाखान्याचा विमा, आहे का. आणि पगाराची स्लिप मिळणार का. मी पहिल्या एजन्सीत यातलं काहीच विचारलं नाही. वर त्यांनी 'व्हेरिफिकेशनला लागतं' म्हणून डिस्चार्ज बुक ओरिजिनल ठेवून घेतलं, आणि मी दिलं! आपली माणसं वाटली, मालक साहेब साहेब म्हणून बोलायचा. दोन महिन्यांनी सोडतो म्हणल्यावर पुस्तक मिळेना. सहा चकरा मारल्या, शेवटी सैनिक कल्याण ऑफिसातनं फोन गेला तेव्हा मिळालं, त्यावर चहाचा डाग. ओरिजिनल कुणालाही द्यायचं नाही, दाखवायचं, झेरॉक्स द्यायची, झेरॉक्सवर 'फक्त अमुक कामासाठी' लिहून सही मारायची.

इंटरव्ह्यूचं सांगतो. चाकणच्या कंपनीत एचआरच्या मॅडम, असेल पोरगी पंचवीस-सव्वीसची, विचारलं आधी काय करत होता. मी छाती काढून म्हणलं, मॅडम एमपीत होतो. त्या म्हणाल्या, अच्छा, मध्य प्रदेशला? हसू नका, त्यांची काही चूक नाही. बाहेर आपली भाषा कुणाला कळत नाही. म्हणून बायोडाटात 'प्रोवोस्ट ड्युटी, गेट ड्युटी' असं लिहू नका. त्याऐवजी असं लिहा, की रोज अमुक इतक्या गाड्या आणि माणसांची ये-जा तपासून नोंद ठेवली, इतक्या माणसांची शिफ्ट लावली, चोरी-हरवल्याच्या तक्रारींचा प्राथमिक तपास करून रिपोर्ट दिले, ट्रॅफिक आणि पार्किंगचं नियोजन केलं, मोठ्या लोकांच्या भेटीचा बंदोबस्त लावला. आकडे खरे घाला. पोस्टिंगच्या जागा आणि युनिटचं नाव घालायची गरज नाही, आणि घालूच नका.

मला घेतलं ते बायोडाटावर नाही. सिक्युरिटी मॅनेजरनं कागद पुढं केला, म्हणला समजा गेटवर गाडीत जास्तीचा माल सापडला, रिपोर्ट लिहा. मी लिहिलं ते साधारण असं होतं:

"रात्री ०१:५०, गेट नं. २. पांढरा टेम्पो, ड्रायव्हर एकटा. गेटपासवर १८ बॉक्स, मोजले तर २०. विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला लोडिंगवाल्यांनी टाकले, मला माहीत नाही. गाडी बाजूला लावून घेतली, चावी ड्रायव्हरकडेच. ०१:५५ शिफ्ट इन्चार्जना फोन, ०२:१० ते आले. त्यांच्यासमोर परत मोजणी, २०. जादा २ बॉक्स इन्चार्जच्या ताब्यात, सही घेतली. साक्षीदार दोन गार्ड. सीसीटीव्ही ०१:३० ते ०२:१५ जपून ठेवायला सांगितलं."

त्यानं वाचलं आणि विचारलं यात चोर कुठं लिहिलंय. मी म्हणलं चोर कोण ते मला माहीत नाही साहेब, बॉक्स दोन जास्त होते एवढं माहीत आहे. सोमवारी या म्हणला.

सिव्हिलमध्ये पहिले सहा महिने

इथं आपल्यातले बरेच जण नोकऱ्या सोडतात. आत तुम्ही हात वर केला की थ्री टनर ट्रक थांबायचा. इथं गेटवर हात केला की स्कूटीवरची बाई म्हणते, काका बाजूला व्हा. तुमच्याकडं कसलाही अधिकार नाही हे रोज सकाळी शर्ट घालताना स्वतःला सांगा. कुणाची बॅग त्याच्या मर्जीशिवाय उघडायची नाही. गार्ड म्हणून कुणाला पकडून ठेवायचं नाही, अगदी डोळ्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर कुठल्याही नागरिकाला पकडता येतं, नवीन बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारायचं तर अजिबात नाही. आमच्या ओळखीचा नायक हुद्द्याचा एक चांगला माणूस एका मॉलमध्ये पोराच्या कानाखाली देऊन बसला आणि केस अंगावर आली, पोरगं चोर होतं का नव्हतं हे कुणी विचारलंच नाही.

आणि आवाज. आपला नॉर्मल आवाज सिव्हिलमध्ये ओरडणं वाटतं. हाताखालच्या गार्डांना फॉलिन करून म्हणजे रांगेत उभं करून घेऊ नका, ती पोरं बीड, लातूर, यवतमाळकडनं आलेली असतात, बारा तास उभी राहून नऊ-दहा जण एका खोलीत झोपतात. मी पहिल्या आठवड्यात एकाला बूट पॉलिश नाहीत म्हणून परत पाठवला. तो गेला तो आलाच नाही, तीन दिवस त्याच्या जागी मीच उभा होतो रात्रीचा. आता पॉलिशची डबी आणि ब्रश गेटच्या केबिनमध्ये ठेवलाय, कुणी काही बोलायची गरज पडत नाही, वापरतात.

भाचीचं आता असं आहे की उंची १६१ भरतेय. सकाळी मोजली तर थोडी जास्त येते म्हणते, माणूस सकाळी उंच असतो हे खरंय, पण रॅलीला नंबर दुपारी लागला तर काय? तरी फॉर्म भर म्हणलंय, वाढायचं वय आहे, आणि धावणं आठ मिनिटं वीसवर आहे ते आधी खाली आण. तोवर डिग्रीला पण ॲडमिशन घेऊन ठेवलंय.

आणि मार्चला येणाऱ्या पोराला सांगायचं राहिलं, स्पर्शचा, म्हणजे पेन्शनच्या सरकारी साइटचा, लॉगिन आणि पासवर्ड वहीत लिहून बायकोला दाखवून ठेव, हयातीचा दाखला दर वर्षी करायचा असतो, नोव्हेंबरात ऑफिसला ही गर्दी असते, जमलं तर मोबाईलवरनंच कर, आणि मोबाईल नंबर बदलू नको.